एबीए थेरपी आणि व्यावसायिक नीती: मुलाचा नकार नोंदवहीत कुठे लिहायचा?

संध्यामठ (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९.४०

सप्रेम नमस्कार. मी गेली सात वर्षे कोल्हापुरात स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसोबत काम करते. विशेष शिक्षणाची पदविका झाल्यावर मी उपयोजित वर्तन विश्लेषणाचे, म्हणजे वर्तनाच्या आधी-नंतर काय घडते ते पाहून बक्षिसाच्या मदतीने नवे वर्तन शिकवण्याच्या ज्या पद्धतीला आपण सगळे एबीए म्हणतो तिचे, चाळीस तासांचे ऑनलाइन प्रशिक्षण घेतले, एका सेंटरवर तीन वर्षे थेरपिस्ट म्हणून काम केले आणि आता घरोघरी जाऊन सेशन घेते. पुढे जे लिहीत आहे ते त्या सेंटरवरचे आहे. सेंटरचे नाव मी लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये, कारण चूक त्यांची जितकी होती तितकीच माझी होती.

माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा होता. तो बोलत नसे. काही हवे असले की समोरच्याचे मनगट धरून त्या वस्तूकडे नेई. एका आठवड्यात तो स्वतःच्या डाव्या गालावर चापट मारून घेऊ लागला. आमच्या पद्धतीप्रमाणे मी चार दिवस तक्ता भरला: वर्तनाच्या आधी काय घडले, वर्तन काय होते आणि नंतर काय घडले. ‘नंतर’च्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला माझ्याच हातचे ‘ताईने हात धरला, नको रे राजा म्हटले’ असे लिहिलेले होते. कार्यक्रम आखणारे सर परगावी असत आणि ऑनलाइन तक्ते पाहत. त्यांनी निष्कर्ष काढला की मुलाला लक्ष हवे आहे, म्हणून चापट मारली की मान वळवायची, काही बोलायचे नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही.

पहिल्या सेशनला चौदा चापटा झाल्या आणि चौथ्याला एकतीस. मी घाबरून फोन केला, तेव्हा सांगण्यात आले की लक्ष देणे बंद केल्यावर वर्तन आधी उसळी घेऊ शकते, हे शास्त्रातच सांगितलेले आहे, त्यामुळे आता माघार घेतली तर सगळेच बिघडेल. हे वाक्य शास्त्र म्हणून खरे आहे आणि म्हणूनच ते धोकादायक होते. आकडा कमी झाला असता तर योजना बरोबर ठरली असती आणि वाढला तरीही ती बरोबरच ठरत होती. अशी नऊ सेशन झाली. दहाव्या दिवशी त्याचा गाल सुजलेला दिसला आणि आई त्याला दंतवैद्याकडे घेऊन गेली. डावीकडची खालची दाढ आतपर्यंत किडून मुळाशी पू झाला होता.

मी घरी जुने तक्ते काढून बसले. ‘आधी’च्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच नोंद होती: काम पूर्ण, राजगिऱ्याची चिक्की दिली. बक्षीस म्हणून मी त्याच्या तोंडात जो चिकट गोड तुकडा ठेवत होते तो त्याच किडलेल्या दाढेत जाऊन बसत होता, तो गालावर मारून घेत होता आणि मी मान फिरवत होते. शेवटच्या दोन दिवसांत तर त्याने चिक्की बघून तोंड मिटून घेतले होते. ते मी ‘असहकार’ या शीर्षकाखाली लिहिले आहे.

मला विचारायचे आहे ते हे. आपल्या शहरात एबीए करणारे आता पुष्कळ झाले आहेत. मुलाने नको म्हटले, तर ते लिहायचे कुठे, वाचायचे कोणी आणि वाचणाऱ्याने वाचले नाही तर थेरपिस्टने थांबायचे की नाही?

---

आठवी_गल्ली · सोमवार, रात्री १०.५५

ताई, वाचून हात थरथरले. माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिच्याही तक्त्यात ‘असहकार’ हा शब्द रोज असतो. उद्या मी तो तक्ता मागून घेणार आहे.

---

पन्हाळा_वारा · मंगळवार, सकाळी ७.२०

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे माझी नोंदणी आहे. धागाकर्तीच्या प्रश्नाचे एक उत्तर लिखित स्वरूपात आधीपासून उपलब्ध आहे. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारे अमेरिकेतले मंडळ, बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड, १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याची सध्याची आचारसंहिता १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. एखाद्या वर्तनामागे शारीरिक कारण असण्याची वाजवी शक्यता असेल तर त्याची वैद्यकीय तपासणी होईल हे पाहणे विश्लेषकाचे कर्तव्य आहे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. न बोलणारे मूल अचानक चेहऱ्याला, कानाला किंवा डोक्याला मारू लागले, तर दात, कान, पोट आणि झोप पाहिल्याशिवाय ‘लक्ष वेधण्यासाठी’ हे शब्द कागदावर येताच कामा नयेत. पालकांच्या माहितीपूर्ण संमतीबरोबरच जिथे लागू असेल तिथे खुद्द ज्याच्यावर उपचार चालले आहेत त्याची अनुमती घ्यावी, हेही त्याच संहितेत आहे. ही अनुमती शब्दांतच मिळावी लागते असे नाही. मूल खुर्चीकडे स्वतःहून येते की ओढून आणावे लागते, यावरूनही ती कळते.

हे नियम आले कसे, तेही सांगतो. १९७२ साली फ्लोरिडात मायामी येथील सनलँड या निवासी संस्थेत वर्तन सुधारणेच्या नावाखाली चाललेले हाल चौकशीत उघड झाले. तिथेही कर्मचाऱ्यांजवळ पद्धतीची भाषा होती, मात्र देखरेख नव्हती. त्या प्रकरणानंतर त्या राज्यात कार्यपद्धतीचे नियम लिहिले गेले आणि पुढे प्रमाणपत्राची व्यवस्था उभी राहिली.

आता आपली अडचण. त्या मंडळाने २०२३ पासून भारतातल्या रहिवाशांचे नवे अर्ज घेणे बंद केले आहे. भारतीय पुनर्वसन परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असे व्यावसायिक तिच्या नोंदवहीत आहेत, मात्र वर्तन विश्लेषक हा प्रवर्ग तिथे नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत ‘बिहेवियरल ॲनालिस्ट’ हे नाव आहे, पण अनुसूचीत नाव असणे वेगळे आणि राजारामपुरीतल्या पालकाला जिथे जाऊन तक्रार करता येईल असे दार असणे वेगळे. तोपर्यंत मार्ग उरतात ते असे: थेरपिस्टची पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असेल तर परिषद, शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आणि दिव्यांग हक्कांसाठी पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्त.

---

बावडेकर_बाबा · मंगळवार, दुपारी १.०५

धागाकर्तीचे दुःख खरे आहे आणि मी ते कमी लेखत नाही, तरीही इथे एक बाजू नोंदवतो. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना दार उघडे दिसले की रस्त्यावर पळत सुटायचा. आम्ही दोन वर्षे घराला आतून कुलूप लावून राहिलो. ‘थांब’ हा शब्द ऐकून थांबणे, शौचालय वापरणे, ताटात वाढलेले बसून खाणे हे सगळे त्याला एबीएनेच शिकवले. आज तो माझ्यासोबत केएमटीने कसबा बावड्याहून बिंदू चौकापर्यंत येतो, तिकीट स्वतः घेतो आणि ते घडी न पडू देता वहीत ठेवतो. त्याच्या वहीतली तिकिटे आम्ही कोणी हलवत नाही.

हा धागा वाचून कोणी घाबरून थेरपीच बंद केली, तर एखाद्या मुलाचे रस्त्यावर पळणे सुटायचे राहून जाईल. पद्धत वाईट नाही. आमच्या ताई प्रत्येक नव्या टार्गेटआधी आम्हाला विचारत, ‘हे कोणाच्या सोयीसाठी आहे, त्याच्या की तुमच्या?’ एकदा मी म्हटले होते की पाहुण्यांसमोर तो हात हलवतो ते थांबवा. त्यांनी नकार दिला आणि त्याऐवजी पाहुणे आले की आत जायचे कार्ड दाखवायला त्याला शिकवले. तेव्हा मला राग आला होता.

---

गंगावेस · मंगळवार, सायंकाळी ६.३०

बावडेकर काका, तुमच्या ताईंनी नकार दिला याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा. मी सत्तावीस वर्षांचा आहे, स्वमग्न आहे आणि एका कार्यालयात संगणकावर हिशेबाचे काम करतो. लहानपणी मला ‘हात शांत’ आणि ‘माझ्याकडे बघ’ या दोन आज्ञा रोज मिळत. मी ताईंच्या भुवयांच्या मधोमध बघायला शिकलो, कारण तिथे बघितले की काजू मिळे आणि डोळ्यांत बघितल्यासारखे दिसे. त्या वेळी त्या काय बोलत ते मला ऐकू येत नसे, कारण सगळी शक्ती बघण्यात जाई. माझ्या तक्त्यात ते टार्गेट पूर्ण झाल्याची खूण असेल.

मोठ्या माणसांना माझी विनंती आहे की हात हलवण्याने कोणाला इजा होत नसेल तर ते टार्गेट लिहूच नका. मूल हात का हलवते हे माहीत नसेल, तर निदान ते हात हलवते तेव्हा शांत होत आहे की अस्वस्थ, एवढे पाहा. धागाकर्तीने मिटलेल्या तोंडाबद्दल लिहिले आहे. ते तोंड मिटणे हे त्या मुलाचे त्या दिवसातले सर्वांत स्पष्ट वाक्य होते.

---

कागल_नाका · मंगळवार, रात्री ११.१५

मी थेरपिस्ट आहे आणि एका सेंटरवर काम करून दोन वर्षे झाली. आमची बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहीत आहे. दिवसाला सहा-सात मुले असतात. सेशन संपले की दहा मिनिटांत तक्ता भरून पुढचे मूल घ्यायचे असते, त्यामुळे मी कित्येकदा आकडे आठवून भरले आहेत, हे इथे कबूल करते. कार्यक्रम आखणाऱ्या मॅडम महिन्यातून एकदा व्हिडिओवर दिसतात. मला योजना पटली नाही तर मी थांबायचे कोणाच्या जोरावर? थांबले तर पालकांना सांगितले जाते की मी अननुभवी आहे.

आणखी एक गोष्ट विचारते. पालक दिवाळीला साडी देतात, घरी गेले की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या प्रशिक्षणात भेटवस्तू घेऊ नये असे शिकवले होते, पण कोल्हापुरात जेवणाला नाही म्हणणे म्हणजे त्या घराचा अपमान होतो. आपण काय करता?

---

पन्हाळा_वारा · बुधवार, सकाळी ७.०५

कागल_नाका ताई, आकड्यांबद्दल आपण जे लिहिले ते लिहायला धैर्य लागते. आता त्यावर बोलू या, कारण या विद्येचा सगळा दावा आकड्यांवरच उभा आहे. आठवून भरलेला तक्ता हा रिकाम्या तक्त्यापेक्षा वाईट असतो. रिकामा तक्ता पाहून निदान कोणी निर्णय घेत नाही. सहा मुलांचे आकडे खरे लिहिता येत नसतील तर दोनच वर्तनांचे लिहावेत, बाकीचे सोडून द्यावेत आणि तसे वरिष्ठांना लेखी कळवावे. त्याच मंडळाच्या नियमाप्रमाणे प्रत्यक्ष थेरपी देणाऱ्या तंत्रज्ञाच्या महिन्याच्या एकूण तासांपैकी किमान पाच टक्के तास देखरेखीखाली गेले पाहिजेत. शंभर तास काम असेल तर पाच तास, आणि त्यांत कोणीतरी आपल्याला मुलासोबत काम करताना प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. महिन्यातून एकदाचा व्हिडिओ कॉल म्हणजे ओळख ठेवणे झाले. ती देखरेख होत नाही.

भेटवस्तूंबाबत संहितेने साधारण दहा डॉलरपर्यंतच्या, आभारादाखल प्रसंगाने दिलेल्या वस्तूला मुभा ठेवली आहे. आकड्यापेक्षा त्यामागचा विचार आपल्याकडे जास्त लागू पडतो. चहा घ्यावा, सणाचा लाडू घ्यावा. साडी घेतल्यावर पुढच्या महिन्यात ‘तुमच्या मुलाला आता माझी गरज नाही’ हे सांगताना जीभ अडखळणार असेल तर साडी घेऊ नये. माझ्या पहिल्याच भेटीच्या कागदावर हे छापलेले असते, त्यामुळे दिवाळीला कोणाचे मन मोडायची वेळ येत नाही.

---

आठवी_गल्ली · बुधवार, दुपारी ३.४०

मी तक्ता मागितला. ‘ते आमचे अंतर्गत कागद आहेत’ असे उत्तर मिळाले. आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले होते की आठवड्याला चाळीस तास घेतले तर निम्मी मुले नॉर्मल होतात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. त्या भरवशावर यांनी भिशी उचलली आणि मी शिकवणीचे वर्ग सोडले. आता अकरा महिने झाले. शिवाय प्रवेशाच्या अर्जातच एक ओळ होती की मुलीचे व्हिडिओ सेंटरच्या पानावर टाकायला आमची हरकत नाही. तिथे सही केल्याशिवाय पुढचे पान भरता येत नव्हते. ती रडत असतानाचा ‘आधी’चा आणि हसतानाचा ‘नंतर’चा असे दोन तुकडे जोडलेला व्हिडिओ आमच्या सगळ्या नातेवाइकांनी पाहिला आहे.

---

पन्हाळा_वारा · बुधवार, सायंकाळी ५.१०

ताई, तो चाळीस तासांचा आणि निम्म्या मुलांचा दावा अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून उचललेला आहे. त्यात सघन उपचार मिळालेली मुले एकोणीस होती आणि त्यांतली नऊ सर्वसाधारण शाळेत पहिली पूर्ण करू शकली, त्यांचा बुद्ध्यंकही सर्वसाधारण आला. टक्केवारीत ते सत्तेचाळीस होते. पण मुले चिठ्ठी टाकून गटांत वाटलेली नव्हती, उपचार दोन किंवा त्याहून अधिक वर्षे चालले होते, आणि त्या उपचारात मोठ्याने ‘नाही’ ओरडणे, प्रसंगी मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. हे तीन तपशील न सांगता फक्त सत्तेचाळीसचा आकडा सांगणे ही पालकांची फसवणूक आहे, मग सांगणाऱ्याचा हेतू कसाही असो. कोणत्याही मुलाबद्दल निकालाची हमी प्रामाणिक माणूस देत नाही.

व्हिडिओबद्दल: ज्यांचे मूल सध्या त्याच ठिकाणी उपचार घेत आहे, त्यांच्याकडे जाहिरातीसाठी शिफारस मागू नये असे संहिता सांगते, कारण अडलेला पालक नाही म्हणू शकत नाही. आपली संमती आपण लेखी मागे घेऊ शकता. तक्त्याची प्रत आणि व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी एकाच पत्रात करा, पोच घ्या आणि पत्रात राग लिहू नका, तारखा लिहा.

---

शाहूपुरी_दुसरी · बुधवार, रात्री ९.००

एक प्रश्न थेट धागाकर्तीला आहे आणि तो दुखावण्यासाठी नाही. व्हिडिओबद्दल आपण सगळे बोलत आहोत, पण आपण ज्या मुलाची गोष्ट इथे सविस्तर लिहिली त्याच्या आईला विचारले होते का? कोल्हापूर लहान आहे. सहा वर्षांचा, न बोलणारा आणि दाढेचा पू झालेला मुलगा कोण हे ओळखणारे चार जण इथे निघतील.

---

संध्यामठ (धागाकर्ती) · बुधवार, रात्री ९.३५

नाही, विचारले नव्हते. काही तपशील मी बदलले होते आणि तेवढे पुरेसे आहे असे मानले होते. आपले म्हणणे बरोबर आहे. मी संपादकांना धागा लगेच झाकून ठेवण्याची विनंती केली आहे. त्या घरी जाऊन येते आणि मगच पुढचे.

---

संपादक मंडळ · सोमवार, सकाळी १०.००

धागाकर्तीने संबंधित पालकांची लेखी परवानगी कळवल्यामुळे धागा पुन्हा खुला करत आहोत.

---

संध्यामठ (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ८.५०

शनिवारी गेले होते. इतक्या वर्षांनी जाताना पाय जड झाले होते. मुलगा आता मोठा झाला आहे. त्याने मला ओळखले की नाही ते मला कळले नाही, पण तो उठून आत गेला आणि मी त्याला हाक मारली नाही.

मी त्याच्या आईला सगळे सांगितले आणि तक्ते समोर ठेवले. मागच्या पोस्टमध्ये मी काय लिहिले तेही मोबाईलवर वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फडताळातून दुधाच्या हिशेबाची जुनी वही आणली. त्या वहीत रतिबाच्या आकड्यांच्या बाजूला त्या मुलाचे रोजचे काहीबाही लिहीत असत. माझ्या तक्त्याच्या पहिल्या तारखेच्या दोन दिवस आधीची नोंद होती: ‘डावीकडून चावत नाही. भाकरी चुरून दिली.’ त्या म्हणाल्या, ‘ताई, हे मी तुम्हाला दारात सांगितले होते. तुम्ही म्हणालात, घरचे खाणेपिणे घरी बघा, इथे सेशनचे बोलू.’ मला ते आठवत नाही, आणि त्यांना ते शब्दन् शब्द आठवते.

परवानगी देताना त्यांनी दोन अटी घातल्या. मुलाचे वय मी आधी बदलून लिहिले होते ते तसेच ठेवायचे आणि त्यांच्या वहीतली ओळही इथे लिहायची.

कागल_नाका यांनी विचारले होते की थांबायचे कोणाच्या जोरावर. आज मी स्वतंत्र काम करते म्हणून मला हे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही मी जे करते ते लिहिते. माझ्या तक्त्यात आता ‘आधी’च्याही अलीकडे एक रकाना आहे. तो दारातच आईने किंवा आजीने भरायचा असतो: झोप, पोट, खाणे, कुठे दुखते का. ‘असहकार’ हा शब्द मी काढून टाकला आहे. त्या जागी मुलाने नेमके काय केले ते लिहिते, म्हणजे मान फिरवली, तोंड मिटले, चपला आणून दिल्या. एका सेशनमध्ये असे तीनदा झाले तर त्या दिवशीचे काम तिथेच थांबते आणि कारण शोधले जाते. तक्त्याखाली कार्बन कागद असतो. वरची प्रत घरात राहते, खालची मी नेते. नवे किंवा अचानक वाढलेले वर्तन दिसले, तर डॉक्टरांनी पाहिल्याची चिठ्ठी येईपर्यंत मी त्यावर कोणतीही योजना सुरू करत नाही, पालकांनी घाई केली तरीही. सेंटरवर काम करणाऱ्यांना यातला पहिला रकाना आणि शब्द बदलणे एवढे तरी कोणाच्या परवानगीशिवाय जमेल असे मला वाटते.

---

कागल_नाका · सोमवार, रात्री १०.२०

दारातला रकाना मी आजपासून हाताने रेघ मारून सुरू केला. सहापैकी चार आयांनी काहीतरी लिहिले. एका मुलाला कालपासून जुलाब होत आहेत आणि त्याच्यासाठी आज शौचालयाचे टार्गेट ठरलेले होते. मी ते घेतले नाही आणि मॅडमना तसे लिहून पाठवले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

---

आठवी_गल्ली · मंगळवार, सकाळी ११.४५

पत्राची पोच मिळाली. व्हिडिओ काल रात्री पानावरून काढून टाकला गेला. तक्त्याच्या प्रती शुक्रवारी देतो म्हणाले आहेत. मिळाल्या की मी पन्हाळा_वारा सरांना व्यक्तिगत निरोपातून दाखवीन; मुलीचे काही इथे लिहिणार नाही.